कोल्हापूरच्या उपनगरात राहायला येताय आणि घर चारचौघांसारखं नाही? मग आधी हे वाचा

हे कुणासाठी लिहितेय ते आधी सांगते. एकटी आई आणि तिचं मूल, घटस्फोट झालेला बाप आणि त्याची पोरं, जातीबाहेर नाहीतर धर्माबाहेर लग्न केलेलं जोडपं, लग्न न करता एकत्र राहणारे, दोघी मैत्रिणी म्हणून राहणाऱ्या पण खरंतर जोडीदार असलेल्या, नातवाला एकटीनं वाढवणारी आजी, दुसऱ्या लग्नानंतर दोन्हीकडची मुलं एका छताखाली आणलेले. एमआयडीसीत नोकरी लागते, बदली होते, विद्यापीठात काम मिळतं आणि अशी कुटुंबं इथं येतात, आणि येण्याआधी सगळ्यांना एकच धास्ती असते की तिथले लोक आपल्याला धड राहू देतील का. मी स्वतः माझ्या आईसोबत आणि दत्तक घेतलेल्या मुलीसोबत शहराच्या कडेच्या एका कॉलनीत राहते, लग्न केलेलं नाही, आणि ओळखीतून ओळखी होत बऱ्याच जणांना घर बघायला मदत करते, त्यामुळे जे लिहितेय ते बघितलेलं आहे.

माझं मत थोडक्यात असं की कोल्हापूरचा माणूस तोंडावर विचारतो. मालक (म्हणजे नवरा) काय करत्यात, पोरगी कुणावर गेलीय, लगीन कुठलं, पावणं (नातेवाईक) कुठलं, सगळं पहिल्या भेटीत. मोठ्या शहरातून आलेल्याला वाटतं संपलं, आता हे आपल्याला हाकलणार. तसं बहुतेक वेळा होत नाही. त्याला तुम्हाला कुठंतरी बसवायचं असतं, उत्तर मिळालं की तो मोकळा होतो. पण काही ठिकाणी नुसत्या सरळ उत्तरानं भागत नाही, तिथं कागद आणि चार माणसं पाठीशी लागतात, ते पण पुढं सांगते.

पायरी १ : एरिया ठरवा, आणि नुसतं भाडं बघून ठरवू नका

पेठा आणि उपनगरं यात फरक आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ इथं घरं पिढ्यान्‌पिढ्यांची, तालमी, गल्लीतला प्रत्येक जण प्रत्येकाच्या आज्ज्याला ओळखतो, तिथं नवीन माणूस म्हणजे बातमीच. उपनगरात तसं नाही, तिथं निम्मे लोक स्वतःच कुठून कुठून आलेले, कुणी राधानगरीचं, कुणी गडहिंग्लजचं, कुणी निपाणीचं. त्यामुळं राजेंद्रनगर, सम्राटनगर, प्रतिभानगर, विद्यापीठाच्या आसपासचा भाग, आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव, कळंबा, इकडं फुलेवाडी, तिकडं उजळाईवाडी, या पट्ट्यात वेगळ्या कुटुंबाला रुजायला सोपं जातं. विद्यापीठाजवळ तर भाडेकरू येणं-जाणं रोजचंच, घरमालकांना सवय आहे. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी इथं लोक चौकशा कमी करतात पण तेवढाच आधारही कमी मिळतो, भाडं पण जास्त, हे ज्याचं त्यानं बघावं. लहान मूल घेऊन एकटीच येत असाल तर मी चौकशा करणारी कॉलनी निवडायला सांगेन, कारण रात्री पोराला ताप आला तर तीच माणसं दार उघडतात.

इथं एक बारकी गोष्ट आहे जी बाहेरच्यांना कुणी सांगत नाही. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी ही गावं शहराला चिकटलेली आहेत पण कारभार ग्रामपंचायतीचा राहिलाय, महापालिका १९७२ ला झाली आणि हद्दवाढीचं भांडण तेव्हापासून चालूच आहे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की लागणाऱ्या दाखल्यांसाठी तुम्हाला ग्रामपंचायतीत जावं लागेल, आणि तिथं सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), सदस्य ही माणसं रोज समोर दिसतात. ओळख झाली तर काम पटकन होतं. पण तुमच्या घराची कहाणी सुद्धा चावडीवर लवकर पोचते. पाण्याची टाकी किती, उन्हाळ्यात टँकर येतो का, हे आणि विचारा. घरफाळा (घरपट्टी) कोण भरणार हे पण.

आणि पूररेषा बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात रमणमळा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा काही भाग पाण्यात होता. इथल्या लोकांना पूर आला की पावण्याकडं जाता येतं. आपल्यासारख्यांचं बऱ्याचदा माहेर-सासर तुटलेलं असतं, शहरात पावणं कुणी नसतात, म्हणून तुम्ही उंचावरचंच घर घ्या, थोडं लांब पडलं तरी चालेल.

पायरी २ : घर बघायला जाताना काय सांगायचं आणि कुणाला

गेटवर 'फक्त फॅमिलीसाठी' असा बोर्ड असतो, तो बघून परत फिरू नका. घरमालकाला बहुतेक वेळा एवढंच म्हणायचं असतं की दारू पिऊन दंगा करणारी पोरं नकोत. फोनवर सगळी कहाणी सांगत बसू नका, एजंटला तर नकोच, कारण एजंट एका वाक्याची चार करतो. एजंटला एवढंच सांगायचं, आम्ही तीन माणसं, एक शाळेतलं मूल, मी अमुक ठिकाणी नोकरीला. घर पसंत पडलं की मग घरमालकाला, आणि खरं म्हणजे घरमालकिणीला, समोरासमोर बसून सांगा. कोल्हापुरात भाडेकरू ठेवायचा का नाही हे शेवटी वहिनी नाहीतर काकीच ठरवतात, हे माझं पक्कं निरीक्षण आहे. चहा येतो, तेवढ्या वेळात सांगून टाका. "काकी, आधीच सांगते, माझा घटस्फोट झालाय, मुलगा माझ्याजवळ असतो, त्याचे वडील महिन्यातून एकदा भेटायला येतात." झालं. नंतर तो माणूस गेटवर दिसला की चर्चा होण्यापेक्षा हे शंभरपटीनं बरं.

सांगायचं नसेल तर सांगू नका, तो तुमचा हक्क आहे, कुणाला आपलं नातं उघड करायला लावणं चूक आहे. फक्त खोटं रचू नका. "नवरा दुबईला आहे" असं सांगून राहणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्या दर दिवाळीला नवीन कारण शोधून थकून जातात आणि मग ज्या दिवशी कळतं त्या दिवशी लोकांना राग नवरा नसल्याचा येत नाही, आपल्याला फसवल्याचा येतो.

पुरुष एकटा पोरं सांभाळत असेल तर त्याला घर मिळायला त्रास जास्त, पण एकदा मिळालं की शेजारच्या मावश्या भाजी-भाकरी पोचवतात. एकट्या बाईला घर मिळतं, पण भाकरी सहसा येत नाही, तिच्याकडं कोण येतं-जातं याकडं लक्ष येतं. मला हे मान्य नाही, पण आहे हे असं आहे आणि एकटीनं येणारीला ते आधी माहीत असावं.

मांसाहारावरून फार अडत नाही, हे कोल्हापूर आहे, काही ठराविक सोसायट्या सोडल्या तर रविवारी सगळीकडं तांबड्या-पांढऱ्याचाच वास असतो.

पायरी ३ : कागद

कागद चोख असला की बोलणाऱ्याचं तोंड अर्धं बंद होतं. भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेलाच घ्या, अकरा महिन्यांचा असला तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे आणि नोंदवला नसेल तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. करारात राहणाऱ्या सगळ्यांची नावं घाला. जोडीदाराचं नाव, मुलाचं नाव, आईचं नाव, सगळ्यांची. नातं काय हे लिहायची गरज नाही पण नाव पाहिजे, म्हणजे उद्या कुणी "ही बाई कोण राहते तुमच्यात" म्हणून आलं तर कागद दाखवता येतो. पोलिसांकडची भाडेकरू नोंद पण घरमालकाकडून करून घ्या, ती ऑनलाईन होते.

फ्लॅट असेल तर सोसायटीचा चेअरमन म्हणतो कमिटीची परवानगी लागेल. भाड्यानं देताना सभासदानं सोसायटीला कळवायचं असतं, परवानगीची अट आदर्श उपविधीत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) नाही. आणि भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जो बिनभोगवटा चार्ज लावते तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. हे घरमालकाला सांगून ठेवा, भांडायला तुम्ही स्वतः जाऊ नका, ते त्यानंच बोलावं.

मुलांच्या कागदाचं सांगते कारण शाळेत तिथंच अडतं. दत्तकाचा आदेश झाल्यावर नव्या आई किंवा बापाच्या नावानं जन्मदाखला मिळतो, शाळेत तोच द्यायचा, दत्तकाचा आदेश सगळ्यांना दाखवत फिरायचं नाही, ती मुलाची खासगी गोष्ट आहे. लग्नाशिवाय आई झालेल्या बाईला बापाचं नाव न देता मुलाचा जन्मदाखला मिळू शकतो, सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये सांगितलंय की त्यासाठी तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं. पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून आईबापांपैकी एकाचंच नाव चालतं. आणि राज्यात १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचं असा सरकारचा निर्णय आहे, त्यामुळं "आईचं नाव कुठं लावत्यात व्हय" म्हणणारे क्लार्क सुद्धा आता गप्प होऊ लागलेत. सगळ्याच्या झेरॉक्स एका फाईलला, स्कॅन फोनमध्ये.

पायरी ४ : पहिल्या महिन्यातले प्रश्न

हे येणारच. कंपाउंडच्या भिंतीवरून, दूध घेताना, रिक्षात, केएमटीत (शहर बसमध्ये). "मालक दिसंनात?" "पाटील म्हंजे कुठलं पाटील?" "ही तुमची सख्खी का?" आडनावावरून जात काढायचा प्रकार आहे आणि तो मला अजिबात आवडत नाही, मी गावाचं नाव सांगते आणि पुढं विचारलं तर "आम्ही जात बघत नाही हो" म्हणून सरळ सांगते, आवाज न चढवता. शाहू महाराजांच्या गावात हे वाक्य कुणी खोडून काढू शकत नाही. १९१७ ला विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा आणि १९१९ ला आंतरजातीय लग्नाला मान्यता देणारा कायदा याच संस्थानात झाला, आणि दसरा चौकाच्या परिसरात फिरलात तर वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं (विद्यार्थ्यांची वसतिगृहं) अजून दिसतील. इथल्या माणसाला त्याचा अभिमान आहे, मनापासून आहे. वागणं त्या अभिमानाइतकं मोठं दरवेळी नसतं, पण आठवण करून दिली की बहुतेक जण वरमतात.

आमच्या शेजारच्या आज्जींचं सांगते. आम्ही सामान लावत होतो, त्या भिंतीपलीकडं सुपात मेथी निवडत बसलेल्या, माझ्या लेकीला बघून म्हणाल्या, "पोरगी तुज्यागत न्हाई दिसत गं, बापावर गेलीया जणू." मी म्हटलं, "आज्जी, मी लग्न नाही केलं, हिला दत्तक घेतलीय." त्यांनी मेथीची काडी मोडली, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, "जेवली का ती?" आणि संध्याकाळी मेथीची पेंडपाला भाजी आणि दोन भाकरी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी अख्ख्या लेनला माहीत होतं आणि मला परत कुणालाच सांगावं लागलं नाही. म्हणून माझं म्हणणं, लेनमध्ये एक आज्जी, एक काकी अशी असतेच जिचं बोलणं सगळे ऐकतात, तिला स्वतःहून, तुमच्या शब्दात, पहिल्यांदा सांगा. बाकीचं ती बघते.

मुलांसमोर उत्तर देताना मात्र शब्द जपा, मूल ऐकत असतं. आणि मुलाला पण एक छोटं उत्तर शिकवून ठेवा, "मी आई आणि आज्जीजवळ राहते", एवढं पुरतं.

पायरी ५ : शाळा

ऑफिसात जे लागतं ते कागद, पण खरं बोलणं वर्गशिक्षकांशी करा, ॲडमिशन झाल्या झाल्या. लहान वर्गात आपलं कुटुंब हा विषय येतो, वंशवृक्ष काढून आणा म्हणतात, बाबांबद्दल दहा ओळी लिहायला सांगतात. बाईंना आधीच माहीत असलं तर त्या "घरातल्या आवडत्या माणसाबद्दल लिहा" असं म्हणतात, एवढ्यानं मुलाचा दिवस वाचतो. माझ्या अनुभवात शिक्षिका समजून घेतात, कागदोपत्री अडवणूक जी काय होते ती ऑफिसच्या खिडकीत होते.

पायरी ६ : गल्लीच्या कामात उतरा

इथं माणूस कळतो तो कामात. मंडळाची वर्गणी मागायला पोरं आली तर दारातून पावती घेऊन वाटेला लावू नका, बसवा, पाणी द्या, नावं विचारा, आरतीला कधी यायचं ते विचारा. हीच पोरं रात्री-अपरात्री गाडी काढतात, रक्त लागलं तर सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) येऊन उभी राहतात, पुराच्या वेळी सगळ्यात आधी पाण्यात हीच उतरली होती. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला पंचगंगेचं नवीन पाणी कलशातून घेऊन पी-ढबाकच्या तालावर गल्लीच्या गल्ली टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तेव्हा मुलीला पुढं पाठवा, कलश डोक्यावर घेणाऱ्या पोरींमध्ये तुमची पोरगी असली की ती त्या गल्लीची झाली. देवधर्म मानत नसाल तर महाप्रसादाला वाढायला उभे राहा, कुणी हरकत घेत नाही.

शेजारून डबा आला तर भांडं रिकामं परत द्यायचं नाही, चार शेंगा घाला, साखर घाला, पण घाला. बचत गट असेल तर त्यात जा, भिशी जपून, ओळख पक्की झाल्यावर.

हळदीकुंकवाचं जरा सविस्तर सांगते. विधवा, घटस्फोटित, बिनलग्नाच्या बाईला बोलवायचं का नाही यावरून अजून कुजबुज होते. पण आपल्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद, आणि सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. मी संक्रांतीला आमच्याकडं सगळ्यांना बोलावते, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, आणि स्वतः सगळ्यांना कुंकू लावते. पहिल्या वर्षी दोघी-तिघी दारातून परत गेल्या, आता समोरच्या काकी, ज्यांचे मालक वारलेत, त्याच माझ्याआधी ताट धरतात. तुम्हाला कुणी बोलवायची वाट बघू नका, तुम्ही बोलवा.

पायरी ७ : जिथं जास्त काळजी घ्यावी लागते

आंतरधर्मीय जोडप्यांना मी गोड बोलून काही सांगणार नाही. जून २०२३ मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, त्यानंतर वातावरण काही भागात तापलेलं राहिलंय. तुम्ही मिश्र वस्तीतलं घर घ्या, एकाच समाजाची लेन टाळा, मग ती कुठल्याही समाजाची असो. लग्न अजून व्हायचं असेल तर विशेष विवाह कायदा १९५४ खाली ३० दिवसांची नोटीस लागते आणि ती ऑफिसात बोर्डावर लागते, म्हणजे नावं लोकांना दिसतात, ते महिनाभर कुठं राहायचं हे आधीच ठरवा. घरच्यांकडून धोका असेल तर आधी लेखी अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये अशा जोडप्यांना संरक्षण आणि सुरक्षित निवारा द्यायचे आदेश दिलेत, त्याचा उल्लेख अर्जात करा. पोच घ्यायला विसरू नका. तातडीला ११२.

लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही, आणि घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचं संरक्षण अशा नात्यातल्या बाईला पण मिळू शकतं. घरमालकाला हे कायदे ऐकवायला जाऊ नका, दोघांची नावं करारात आहेत एवढं बघा.

दोघी किंवा दोघं जोडीदार असाल तर, ६ सप्टेंबर २०१८ पासून समलिंगी संबंध हा गुन्हा राहिलेला नाही, पण लग्नाला कायद्याची मान्यता ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं दिली नाही, त्यामुळं हॉस्पिटलात, बँकेत, घराच्या कागदात तुमचं नातं आपोआप धरलं जात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं स्पष्ट केलंय की जॉइंट खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही अडचण नाही, ते इथं आल्या आल्या करून टाका, आणि मृत्युपत्र करा, तरुण असलात तरी. लेनमध्ये लोक तुम्हाला बहिणी-बहिणी, मित्र-मित्र समजून घेतील आणि तसंच वर्षानुवर्षं छान वागतील. मला अशा दोघी माहीत आहेत, घरमालकिणीला सगळं ठाऊक आहे, ती कुणाला बोलली नाही आणि दोघींना दिवाळीला एकच फराळाचं ताट पाठवते. पण सगळीकडं अशी घरमालकीण मिळेल असं मी म्हणणार नाही, किती उघड व्हायचं ते तुमच्या हातात ठेवा आणि कुणाच्या आग्रहाला बळी पडू नका.

तृतीयपंथी व्यक्ती कुटुंबात असेल तर सगळ्यात जास्त त्रास घरासाठीच होतो. यल्लम्माचा जोगता (देवीला वाहिलेला, बऱ्याचदा तृतीयपंथीच) मंगळवारी दारात आला तर त्याच्या परडीत लोक भक्तीनं पीठ घालतात, पाया पडतात, आणि तीच माणसं खोली भाड्यानं मागितली की नाही म्हणतात. हे मला फार लागतं. २०१९ चा कायदा घर नाकारणं हा भेदभाव म्हणतो, जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळतं, ते आधी काढून ठेवा आणि घर शोधायला स्थानिक ओळखीचं माणूस बरोबर न्या, एकटं फिरू नका.

पायरी ८ : पावसाळ्याची आणि अडचणीच्या वेळची तयारी

जुलै आला की इथं सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतात, ४३ फूट म्हणजे धोका. घरात पाणी येणार नसलं तरी रस्ते बंद होतात, दूध, पेट्रोल, पिण्याचं पाणी यांची टंचाई होते. तुम्ही कामावर अडकलात तर मुलाला शाळेतून कोण आणणार हे आधी ठरवा, त्या व्यक्तीचं नाव आणि फोन शाळेत लेखी द्या, कारण आडनाव वेगळं असलं की शाळा मूल सोडत नाही, आणि ते योग्यच आहे. कुटुंबात मूल, म्हातारं माणूस आणि एकच कमावणारं असेल तर एक किल्ली शेजारी ठेवा.

आणि नाहीच जमलं तर

कधी कधी नाही जमत. घरमालक मध्येच खाली करा म्हणतो, टोमणे थांबत नाहीत, मुलाला कुणी खेळायला घेत नाही. सहा महिने मनापासून राहून बघा, पण मुलाला रोज रडू येत असेल तर सहा महिनेसुद्धा थांबू नका. करारातली नोटीस द्या, डिपॉझिटचं लेखी घ्या, आणि दुसरी लेन बघा, शहर सोडायची घाई करू नका, कारण इथं दोन चौक ओलांडले की माणसं पूर्ण वेगळी असतात. घरं बदलायचा मोसम एप्रिल-मे, शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्या दोन महिन्यांत रिकाम्या घरांचे बोर्ड सगळ्यात जास्त दिसतात. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाला त्या लेनमधून पायी एक चक्कर मारा, पोरं रस्त्यावर खेळताहेत का, म्हाताऱ्या कट्ट्यावर बसल्यात का, आणि तुमच्याकडं बघून कुणीतरी "कुणाकडं आलासा?" असं विचारतंय का ते बघा. विचारलं तर तिथंच थांबून घराची चौकशी करा.